वीजजाळ्याचे वास्तवकालीन सदृशीकरण आणि सामान्य संगणकांचा समूह : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

९ नोव्हेंबर १९६५ रोजी सायंकाळी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, नायगारा नदीवरील सर अ‍ॅडम बेक वीजकेंद्रातून टोरांटोच्या दिशेने जाणाऱ्या पाच वाहिन्यांपैकी एका वाहिनीच्या संरक्षक रिलेने ती वाहिनी तोडली. वाहिनीत कोणताही दोष नव्हता. रिलेची मर्यादा वाहिनीच्या वास्तविक क्षमतेपेक्षा खाली ठेवलेली होती आणि त्या सायंकाळी भार त्या मर्यादेपलीकडे गेला. उरलेल्या चार वाहिन्यांवर अतिरिक्त भार पडून त्याही तुटल्या आणि काही मिनिटांतच अमेरिकेचा ईशान्य भाग व ऑन्टारिओ मिळून सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले. रिले बिघडलेला नव्हता. त्याला जे करण्यास सांगितले होते तेच त्याने केले.

या घटनेतून एक मूलभूत प्रश्न पुढे येतो. एखादे संरक्षक वा नियंत्रक उपकरण प्रत्यक्ष जाळ्यात कसे वागेल, हे ते जाळ्यावर बसविण्यापूर्वी कसे तपासावे? चालू वीजजाळ्यावर मुद्दाम दोष घडवून पाहणे क्वचितच शक्य असते. म्हणून उपकरणाला खऱ्या जाळ्याचा भास होईल असे दुसरे जाळे प्रयोगशाळेत उभे करावे लागते. या प्रक्रियेस सदृशीकरण अथवा प्रचलित शब्दात सिम्युलेशन असे म्हणतात. सुरुवातीस हे जाळे तारा व वेटोळ्यांचे होते, नंतर खास बनविलेल्या संगणकांत आले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात सहज मिळणाऱ्या संगणकांच्या समूहावर चालू लागले.

संगणक स्वस्त झाले म्हणून हा शेवटचा बदल घडला, असे प्रथमदर्शनी वाटते. हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. सामान्य संगणकांना हे काम जमले ते मुख्यतः पारेषण वाहिनीच्या एका भौतिक गुणधर्माचे ज्ञान आधीच विकसित झालेले होते म्हणून, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

'वास्तवकालीन' या संकल्पनेचा अर्थ

सदृशीकरणात काळाचे लहान लहान टप्पे पाडले जातात व प्रत्येक टप्प्यास जाळ्याची समीकरणे सोडविली जातात. वाहिनीवरील क्षणिक तरंगांचा अभ्यास करताना हा कालटप्पा सामान्यतः ५० मायक्रोसेकंदांच्या आसपास ठेवला जातो. याचा अर्थ एका सेकंदात २०,००० वेळा संपूर्ण जाळे सोडवावे लागते. भारतातील ५० हर्ट्झच्या प्रवाहाचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असल्याने एका आवर्तनात असे ४०० टप्पे येतात.

साध्या सदृशीकरणात एका सेकंदाच्या घटनेचे गणित करण्यास संगणकाने दहा मिनिटे घेतली तरी उत्तर बिघडत नाही. वास्तवकालीन सदृशीकरणात मात्र ५० मायक्रोसेकंदांचे गणित ५० मायक्रोसेकंदांतच संपले पाहिजे, कारण समोर खरा रिले वा खरा नियंत्रक जोडलेला असतो आणि तो थांबत नाही. येथे सरासरी वेगाला फारसे महत्त्व नाही. २०,००० टप्प्यांपैकी १९,९९९ टप्पे वेळेत झाले आणि एक चुकला, तर त्या क्षणी रिलेला चुकीचे दाब व प्रवाह दिसतात आणि चाचणीवर विसंबता येत नाही. येथे संगणकाची कसोटी त्याच्या सर्वांत मंद टप्प्यावर लागते. सामान्य संगणकाच्या दृष्टीने हीच सर्वांत कठीण अट होती.

टेबलावरील वीजजाळे

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीमध्ये, हॅरोल्ड हेझेन यांनी व्हॅनेव्हर बुश यांच्या मार्गदर्शनाखाली व जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सहकार्याने १९२९ मध्ये प्रत्यावर्ती प्रवाहाचा जालविश्लेषक उभा केला. रोध, वेटोळी, धारित्रे व छोटे वीजस्रोत यांच्या जोडणीतून एखाद्या प्रांताच्या वीजजाळ्याची लघुप्रतिकृती त्यावर तयार करता येत असे. शेकडो किलोमीटरची वाहिनी काही घटकांत सामावत असे आणि अभियंते मापकांवरील वाचने घेऊन मूळ जाळ्यातील दाब व प्रवाह काढीत. १९५० च्या दशकाअखेरपर्यंत जाळ्यांच्या नियोजनाचा बराचसा भार अशा विश्लेषकांनीच वाहिला.

या यंत्रांना गणित करण्यास वेळ लागत नसे, कारण ती गणित करीतच नव्हती. निसर्गनियमच तेथे उत्तर देत होता. म्हणूनच क्षणिक तरंगांच्या अभ्यासासाठी पुढे बनविलेल्या प्रतिकृतींना खरे नियंत्रक जोडता येत असत. उच्च दाबाच्या एकदिश प्रवाह वाहिन्या, म्हणजे एचव्हीडीसी वाहिन्या, आल्या तेव्हा त्यांच्या नियंत्रकांच्या चाचण्या अशाच प्रतिकृतींवर होत. परंतु प्रतिकृती मोठी जागा व्यापी, जाळे बदलले की जोडण्या बदलाव्या लागत आणि लहान वेटोळ्यांतील ऊर्जाव्यय मूळ उपकरणांच्या तुलनेने अधिक असल्याने अचूकतेस मर्यादा पडे. अशी यंत्रणा बाळगणे मोठ्या वीजमंडळांना, उत्पादकांना वा निवडक संस्थांनाच परवडणारे होते.

डोमेल यांची पद्धती

संगणकाचा या क्षेत्रातील प्रवेश स्थिर स्थितीच्या गणितापासून झाला. १९५६ मध्ये वॉर्ड व हेल यांनी जाळ्यातील भारप्रवाहाचे गणित अंकीय संगणकावर करण्याची पद्धती मांडली. १९६७ मध्ये टिनी व हार्ट यांनी न्यूटनच्या पद्धतीने तेच गणित मोठ्या जाळ्यांसाठी व्यवहार्य केले. क्षणिक तरंगांच्या बाबतीत निर्णायक पाऊल हर्मन डोमेल यांनी उचलले. म्युनिक येथे सुरू केलेले हे काम त्यांनी १९६६ पासून अमेरिकेतील बॉनेव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या शासकीय संस्थेत पुढे नेले आणि १९६९ मध्ये त्यांचा मूलगामी शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातून विकसित झालेली आज्ञावली ईएमटीपी या नावाने ओळखली जाते. शासकीय संस्थेचे काम असल्याने ती सार्वजनिक मालकीची राहिली व जगभरच्या अभ्यासकांना उपलब्ध झाली.

डोमेल यांच्या पद्धतीचे दोन भाग आहेत. पहिल्यात वेटोळे वा धारित्र यांच्या जागी प्रत्येक टप्प्यापुरता एक रोध व एक प्रवाहस्रोत मानला जातो. त्या स्रोताचे मूल्य मागील टप्प्यावरून ठाऊक असते. त्यामुळे प्रत्येक टप्प्यात केवळ रोधांचे एक जाळे सोडविणे उरते. दुसरा भाग वाहिनीविषयी आहे. त्याचे मूळ फ्रेंच अभियंते लुई बर्जरों यांनी नळांतील जलाघाताच्या अभ्यासासाठी वापरलेल्या आलेखपद्धतीत सापडते. लांब नळाच्या एका टोकाची झडप अचानक बंद केली तर दाबाची लाट दुसऱ्या टोकास ठराविक वेळानेच पोहोचते. वाहिनीवरील विद्युततरंगाचेही तसेच आहे. हवेतील वाहिनीवर तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर, धावतो. ५० मायक्रोसेकंदांत तो सुमारे १५ किलोमीटर जातो.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, १५ किलोमीटरहून अधिक लांबीच्या वाहिनीच्या एका टोकास या टप्प्यात जे घडते त्यावर दुसऱ्या टोकाच्या याच टप्प्यातील घडामोडीचा कोणताही परिणाम होऊ शकत नाही. त्या टोकाची जी माहिती लागते ती आधीच्या टप्प्यांतील, म्हणजे हाती असलेली असते. अर्थात वाहिनीच्या दोन्ही बाजूंची जाळी त्या टप्प्यापुरती गणिताने स्वतंत्र ठरतात आणि दोन वेगळ्या संगणकांना एकाच वेळी सोडविण्यास देता येतात. ही विभागणी अंदाजाने केलेली सोय नाही. ती वाहिनीच्या भौतिक स्वरूपातच आहे. १९६९ मध्ये हे गणित एकाच संगणकावर होत असल्याने तिचा पूर्ण उपयोग होण्यास आणखी दोन दशके जावी लागली.

विशेष यंत्रांचा काळ

वास्तवकालीन अंकीय सदृशीकरणाची पहिली मोठी निकड कॅनडात भासली, हे स्वाभाविक होते. तेथील जलविद्युत केंद्रे उत्तरेस व शहरे दक्षिणेस असल्याने वाहिन्या फार लांब आहेत. मॅनिटोबा प्रांतात नेल्सन नदीची वीज विनिपेगकडे आणणारी सुमारे ९०० किलोमीटरची एचव्हीडीसी वाहिनी १९७२ मध्ये सुरू झाली. क्वेबेक प्रांतात १९६५ पासून ७३५ किलोव्होल्टच्या वाहिन्या वापरात होत्या.

१९८९ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. १३ मार्च रोजी सौर वादळामुळे उद्भवलेल्या भूचुंबकीय क्षोभात क्वेबेकचे जाळे सुमारे ९० सेकंदांत कोसळले आणि ६० लक्ष लोक कित्येक तास विजेविना राहिले. दाब सावरून धरणारी उपकरणे त्यांच्याच संरक्षण यंत्रणेने जाळ्यापासून तोडली, ही त्या घटनेची सुरुवात होती. त्याच वर्षी विनिपेगच्या मॅनिटोबा एचव्हीडीसी संशोधन केंद्रात एचव्हीडीसी यंत्रणेचे अंकीय सदृशीकरण प्रथमच वास्तवकालात करून दाखविण्यात आले. या कामातून १९९४ मध्ये आरटीडीएस टेक्नॉलॉजीज ही कंपनी स्थापन झाली. संकेतप्रक्रियेसाठी बनविलेले अनेक प्रक्रियक खास मांडणीत जोडून त्यांनी ही गती साधली होती. हायड्रो-क्वेबेकच्या संशोधन संस्थेने हायपरसिम आणि फ्रान्सच्या ईडीएफ या वीजमंडळाने अरेन या प्रणाली विकसित केल्या. त्या दोन्ही प्रारंभी मोठ्या समांतर संगणकांवर चालत.

या सर्व प्रणाली वाहिनीच्या विलंबाचाच आधार घेऊन जाळ्याचे भाग पाडीत होत्या. परंतु त्या चालविण्यासाठी लागणारी यंत्रे विशेष व महाग होती. डोमेल यांचे ज्ञान सर्वांना खुले होते, ते वास्तवकालात वापरण्याचे साधन मात्र मोजक्यांच्याच हाती होते. ज्या विद्यापीठांतून उद्याचे संरक्षण अभियंते तयार व्हायचे त्यांतील बहुसंख्यांना खरा रिले जोडून पाहण्याची सोय नव्हती.

सामान्य संगणकांचा समूह

१९७३ मध्ये डोमेल व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तेथे त्यांच्या हाताखाली शिकून पुढे तेथेच प्राध्यापक झालेले होजे मार्ती यांनी लिनारेस यांच्यासह १९९४ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. आयबीएमच्या नेहमीच्या विक्रीतील आरएस/६००० या संगणकावर मर्यादित आकाराच्या जाळ्याचे ईएमटीपी पद्धतीचे गणित वास्तवकालात करता येते, हे त्यांनी दाखविले. खास यंत्राशिवायही हे शक्य आहे, एवढे त्यातून सिद्ध झाले. परंतु जाळ्याचा आकार एका संगणकाच्या कुवतीने बांधलेला राहिला.

योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी इंटेलचे १६ सामान्य ४८६ प्रक्रियक साध्या इथरनेट जाळ्याने जोडून 'बेओवुल्फ' हा संगणक-समूह उभा केला. त्यावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली होती. सामान्य संगणक एकत्र आणून मोठे वैज्ञानिक गणित स्वस्तात करण्याचा मार्ग त्यामुळे सर्वत्र रूढ झाला. मात्र बेओवुल्फवरील गणितांना विलंब चालत असे. एखादा संदेश उशिरा आला तर उत्तर उशिरा येई, चुकीचे येत नसे. वीजजाळ्याच्या कामासाठी तोच समूह जसाच्या तसा उचलणे शक्य नव्हते.

२००३ मध्ये होर्हे हॉलमन व होजे मार्ती यांनी वैयक्तिक संगणकांच्या समूहावर जाळ्याचे वास्तवकालीन सदृशीकरण करणारी रचना प्रसिद्ध केली. बाजारात मिळणारे संगणक आणि पारेषण वाहिनीच्या ठिकाणी जाळ्याची विभागणी, या दोन गोष्टींवर ती उभी होती. प्रत्येक संगणक आपल्या वाट्याचे उपजाळे सोडवी आणि टप्प्याअखेरीस केवळ वाहिन्यांच्या टोकांची थोडी मूल्ये शेजाऱ्याला देई. जाळे वाढले तर संगणक वाढवावयाचे, एवढाच बदल करावा लागे. समीकरणांचा मोठा संच एकत्र सोडविण्यापेक्षा त्याचे लहान संच वेगवेगळे सोडविणे कमी श्रमाचे असल्याने विभागणीचा लाभ दुहेरी होता. जेथे दोन भाग आखूड जोडणीने बांधलेले असत, तेथे प्रत्येक भागाचा थेवेनिन समतुल्य काढून जोडणीतील प्रवाह आधी व भागांतील दाब नंतर काढण्याची पद्धतीही मार्ती यांच्या गटाने विकसित केली.

१९९७ मध्ये माँट्रियल येथे झाँ बेलांजे व लीझ लाफोर्स यांनी स्थापन केलेल्या ओपाल-आरटी या कंपनीनेही सामान्य संगणकांवर चालणारी प्रणाली व्यावसायिक स्वरूपात आणली. कॅनडाच्याच अल्बर्टा विद्यापीठात वेंकट दिनवाही यांच्या गटाने उभारलेल्या संगणक-समूहाचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रांताच्या वीजमंडळाचे पाठबळ नसलेल्या विद्यापीठीय प्रयोगशाळेत आता मोठ्या जाळ्याचा अभ्यास होऊ लागला.

'सामान्य' या शब्दाची मर्यादा

या यशाचे मूल्यमापन करताना 'सामान्य' हा शब्द काळजीपूर्वक वापरणे आवश्यक आहे. प्रक्रियक व स्मृती बाजारातील होत्या, पण समूहातील प्रत्येक गोष्ट सामान्य नव्हती.

पहिली अडचण कार्यप्रणालीची होती. घरगुती संगणकावरील कार्यप्रणाली कळफलक, चकती, पडदा अशा अनेक कामांसाठी चालू गणित मध्येच थांबविते. टंकलेखन करणाऱ्यास अशी अर्ध्या मिलिसेकंदाची अडवणूक जाणवत नाही, परंतु तेवढ्या वेळात ५० मायक्रोसेकंदांचे दहा टप्पे निघून जातात. म्हणून क्यूएनएक्स वा वास्तवकालीन लिनक्स यांसारख्या, कामाची वेळ राखणाऱ्या कार्यप्रणाली स्वीकाराव्या लागल्या. दुसरी अडचण संदेशवहनाची होती. प्रचलित इथरनेटवर नेहमीच्या संदेशनियमांनी एक लहान संदेश पाठविण्यास लागणारा वेळच अख्ख्या कालटप्प्याएवढा वा त्याहून अधिक असू शकत होता, आणि तो दरवेळी सारखाही नसे. त्यामुळे संगणकांमधील जोडणीसाठी अधिक जलद व निश्चित वेळेची साधने घ्यावी लागली. तिसरी बाब विजेच्या बाजूची होती. संगणकातील आकडे रिलेला समजतील अशा दाबांत व प्रवाहांत रूपांतरित करणारे प्रवर्धक वेगळेच लागत आणि त्यांची किंमत संगणक स्वस्त झाल्याने कमी होत नसे.

याशिवाय पद्धतीची स्वतःची मर्यादा आहे. लांब वाहिन्या जेथे आहेत तेथे विभागणी नैसर्गिक असते. शहरातील वितरण जाळ्यात वा कारखान्याच्या आवारात वाहिन्या काही शे मीटरच्या असतात. तेथे ५० मायक्रोसेकंदांच्या टप्प्यात नैसर्गिक विलंब मिळत नाही. कृत्रिम विलंब घुसविल्यास निष्कर्षात दोष शिरतो. सौर व पवन ऊर्जेच्या परिवर्तकांतील जलद स्विचांसाठी तर मायक्रोसेकंदाहून लहान टप्पा लागतो व तेथे समूहातील संदेशवहन पुरे पडत नाही. ते काम पुढे एफपीजीए या, अंतर्गत जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपकडे गेले.

२००५ पासून एकाच प्रक्रियकात दोन व नंतर अनेक गाभे येऊ लागल्यावर जे काम अनेक संगणकांच्या समूहाने होई ते एकाच पेटीत मावू लागले. विशेष यंत्रांचा मार्ग घालून देणाऱ्या आरटीडीएस कंपनीने २०१७ च्या सुमारास आणलेल्या यंत्रातही आयबीएमचा बहुगाभा प्रक्रियक वापरला. विशेष यंत्र आणि सामान्य यंत्र यांमधील सीमा अशा रीतीने पुसट झाली. वाहिनीच्या विलंबावर जाळे विभागण्याचे तत्त्व मात्र कायम राहिले.

भारतीय संदर्भ

वर उल्लेखिलेल्या प्रश्नाचे गांभीर्य भारतानेही अनुभवले आहे. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बिना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी तुटली आणि उत्तर विभागाचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तीन विभागांची जाळी कोसळून ६० कोटींहून अधिक लोकसंख्येचा प्रदेश बाधित झाला. महाराष्ट्र ज्यात येतो तो पश्चिम विभाग मात्र टिकून राहिला. चौकशी समितीच्या अहवालानुसार बिना–ग्वाल्हेर वाहिनीत दोष नव्हता. वाढलेल्या भारालाच रिलेने दोष मानले होते. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोकांना फटका बसलेल्या घटनेतही महत्त्वाची वाहिनी अशाच प्रकारे तुटली होती. १९६५, २००३ व २०१२ या तीनही घटनांत मोठा भार व दोष यांतील फरक रिलेला ओळखता आला नाही, हे साम्य लक्षणीय आहे. केवळ वास्तवकालीन चाचणीने या घटना टळल्या असत्या असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण त्यांत नियोजन व शिस्त यांच्याही उणिवा होत्या. परंतु भार व दोष यांच्या सीमारेषेवर रिले कसा वागतो हे सुरक्षितपणे पाहण्याची जागा अशी प्रयोगशाळाच आहे.

महाराष्ट्रात चंद्रपूर ते पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची, १,५०० मेगावॉट क्षमतेची एचव्हीडीसी वाहिनी १९९९ पासून कार्यरत आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी समकालिक होऊन संपूर्ण देशाचे एक जाळे झाले. ही वाहिनी २०० किलोमीटरहून थोडी अधिक लांब आहे. तिच्यावरून तरंग जाण्यास सुमारे ०.७ मिलिसेकंद, म्हणजे ५० मायक्रोसेकंदांचे जवळपास १४ टप्पे लागतात. देश एका जाळ्यात बांधणारी हीच वाहिनी सदृशीकरणात मात्र रायचूर व सोलापूर या बाजू दोन वेगळ्या संगणकांना सोपविण्याची सोय करून देते. बंगळूरच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेत वास्तवकालीन चाचणीची सुविधा आहे. तथापि एवढ्या मोठ्या जाळ्यासाठी लागणाऱ्या अभियंत्यांना ही विद्या एक-दोन राष्ट्रीय संस्थांपुरती सीमित राहून मिळणार नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांच्या दृष्टीने संगणक-समूहाच्या इतिहासाचे महत्त्व येथे आहे.

समारोप

१९२९ चा जालविश्लेषक, १९६९ ची डोमेल यांची पद्धती, १९८९ चे विनिपेगमधील यंत्र आणि २००३ चा व्हँकुव्हरमधील संगणक-समूह हे या वाटचालीचे चार प्रमुख टप्पे होत. यांपैकी शेवटच्या टप्प्यात यंत्र सामान्य झाले, कारण यंत्राला झेपेल अशा रीतीने प्रश्न मांडण्याचे ज्ञान त्याच विद्यापीठात तीन दशके जोपासले गेले होते. वाहिनीवर तरंगाला वेळ लागतो, हे तथ्य जलाघाताच्या अभ्यासकांना ठाऊक होते. डोमेल यांनी ते संगणकाच्या भाषेत आणले आणि त्यांच्या शिष्यांनी त्याच्या आधारे संगणकांमध्ये कामाची वाटणी केली. वेळ राखणारी कार्यप्रणाली, जलद जोडणी व प्रवर्धक यांवाचून हे शक्य नव्हते, ही मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. साधनांची कमतरता असलेल्या संस्थांनी यंत्रखरेदीचा विचार करताना हा क्रम ध्यानात घेणे उपयुक्त ठरेल : प्रथम जाळ्याचा अभ्यास, नंतर त्याची विभागणी व शेवटी संगणकाची निवड.